ऐंशी ताटांचं मीठ

४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

मीठ मी टाकलं होतं.

झालं, लिहून टाकलं. आता तुला कागद फाडायचा असेल तर फाड, पण आधी खालचं वाच. एवढ्या ओळी मी अख्ख्या नववीत लिहिल्या नसतील, आणि नववी तर मी दोनदा केली.

तुला सगळं आठवत असणारच. तरी माझ्या बाजूने सांगतो, कारण माझी बाजू कुणी विचारलीच नाही आणि मीही ती काखोटीला मारून दोन वर्षं हिंडलो.

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून जेवण होतं. ऐंशी ताटं. आपल्या चार टेबलांच्या खानावळीला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. आई तीन दिवस आधीपासून भांडी घासत होती, घासलेलीसुद्धा. आणि पहिल्या रांगेत मधोमध कोण बसणार होते? हेडसर. ज्यांनी मला सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की तुझ्या डोक्यापेक्षा भोपळा बरा, भोपळ्याची निदान भाजी होते.

माझा बेत फक्त त्यांच्या वाटीपुरता होता, शपथ. त्यांच्या रश्श्यात मूठभर मीठ, त्यांचं तोंड वाकडं, मी खांबाआड. मीठ घ्यायला शाळेच्या मागच्या स्वयंपाकघरात आलो तर बरणी खिडकीत होती. म्हणजे आईचं मीठ घालून झालं होतं. आपल्या घरात तान्ह्या पोरालाही कळेल की बरणी चुलीशी असली तर मीठ पडायचंय आणि खिडकीत असली तर पडलंय, आणि दोन्ही वेळेला हात लावायचा तो फक्त आईने. मी मूठ भरली आणि वळलो तर आई दारात. चेहरा बघूनच ती ओळखते मी काय करून आलोय ते. आता मूठ लपवायची कुठे? शेजारी मोठं पातेलं उघडं होतं. बटाटा-वाटाण्याचा रस्सा. मी मूठ त्यात मोकळी केली आणि हात झटकत म्हणालो, "काय वास सुटलाय गं!"

पुढचं तू बघितलंस. मी खांबाआडून बघितलं. हेडसरांनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि अख्खा ग्लास पाणी प्यायले. मग शेजारच्याने. मग रांगेने सगळ्यांनी. ऐंशी माणसं, आणि कुणी बोलेना. तेवढी शांतता त्या शाळेत परीक्षेलाही नसते.

आणि मग आत आई तुझ्यावर तुटून पडली. "तुला किती वेळा सांगितलं मिठाला हात लावायचा नाही म्हणून? माझ्यावर विश्वास नाही तुझा?" तू पळी बुडवून रस्सा चाखलास, आईकडे बघितलंस आणि काही बोलली नाहीस. ती म्हणाली, "माझ्या चुलीपाशी पुन्हा दिसू नकोस." तू एप्रन खिळ्याला लावलास. संध्याकाळच्या बसने गेलीस. एक पिशवी घेऊन. आईला वाटलं दोन दिवसांत येशील. मला वाटलं मी उद्या सांगेन.

तो उद्या आज उजाडलाय.

हे शिट्टीच्या हाती पाठवतोय. तो अजून त्याच बसवर कंडक्टर आहे आणि अजून तिकीट देताना दातातून शिट्टी वाजवतो. तू शहरातल्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागलीस हे त्यानेच सांगितलं. शिट्टी, तू हे वाचत असलास तर तुझ्या पुढच्या चहात काय पडेल याची मी खात्री देत नाही.

तुझा,
भोपळा


१३ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

उत्तर नाही आलं. बरोबर आहे. मी असतो तर मीही दिलं नसतं. मी असतो तर येऊन दोन थोबाडीत दिल्या असत्या, त्या तुझ्या माझ्याकडे जमा आहेत असं समज.

शिट्टी म्हणाला, तू पत्र घेतलंस, एप्रनच्या खिशात ठेवलंस आणि एवढंच विचारलंस, "आई बरी आहे ना?" तो म्हणाला, ठणठणीत.

ठणठणीत नाही. म्हणूनच मी लिहायला बसलो. मागच्या पत्रात हे लिहायचं होतं, पण हात आखडला.

जानेवारीतली गोष्ट. दुपारची गर्दी ओसरली होती. मामा गल्ल्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपला होता, आई मागच्या पायरीवर बसली होती. मी चहा केला. आणि सवयीने तिच्या कपात साखरेऐवजी चमचाभर मीठ टाकलं. तुला माहीत आहे, वर्षातून एकदा मी हे करतोच. ती पहिल्या घोटाला थुंकते, चप्पल घेऊन मागे लागते, मी आंब्याच्या झाडावर चढतो. खेळच आहे तो आमचा. मी एक पाय पायरीच्या खाली ठेवूनच कप दिला.

तिने घोट घेतला. आणखी एक घेतला. सगळा कप संपवला आणि म्हणाली, "आज चहा बरा जमलाय तुला."

मला आधी हसू आलं. वाटलं, माझीच फिरकी घेतेय. मग तिने बोटाने कपाच्या तळाचं पुसून खाल्लं, साखर राहिली की खाते तसं. तेव्हा मी पायरीखालचा पाय वर घेतला.

मी काही डॉक्टर नाही, पण खोड्या काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही. म्हणून खोड्या काढूनच तपासलं. दह्यात लिंबू पिळलं. खाल्लं. भाजीत मिरचीचं बी टाकलं. ठसका लागला, पण तोंड वाकडं नाही झालं. एकदा दूध करपलं. पार बाहेर बाकावरच्या माणसाने ओरडून सांगितलं, आणि आई पातेल्याकडे पाठ करून उभी होती. नाकही गेलंय आणि जीभही.

मग मला दिसायला लागलं ते इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. ती चाखतच नाही. पूर्वी डाव्या तळहातावर थेंब घेऊन चाटायची, आठवतं? आताही घेते, चाटते, मान हलवते. पण मग पडद्याआड जाऊन उभी राहते. पहिलं ताट रोज डेपोच्या वॉचमनचं असतं, आपल्या नानांचं. ती नानांचा चेहरा बघते. त्यांच्या भुवया जागेवर राहिल्या तर सगळं ठीक. वर गेल्या तर मीठ जास्त. त्यांनी टेबलावरची मिठाची डबी ओढली तर कमी. मग ती आत येऊन हळूच पातेलं सुधारते. नानांना पत्ताच नाही की त्यांच्या दोन भुवयांवर खानावळ चाललीय.

मागच्या आठवड्यात नानांचा दात दुखत होता, भुवया सकाळपासून टाळूला लागलेल्या. आईने बिचारीने दोनदा पाणी वाढवलं. त्या दिवशी सगळे नुसतं गरम पाणी जेवले.

म्हणून मी एक युक्ती केलीय. स्वयंपाक होत आला की मी चोरून पातेल्यात चमचा घालतो. आई बघेल असा चोरून.

"मेल्या, माझ्या पातेल्यात हात घालतोस?"

"बघतोय, माणसांसाठी केलंय की म्हशींसाठी. मीठ कुठंय यात?"

"तुझ्या डोक्यात घालू का?" असं म्हणते, पण चिमूटभर टाकते. मग हातातलं काम चालू ठेवून, माझ्याकडे न बघता, "अजून उभाच? काय झालं?"

"काही नाही. आता म्हशी रागावतील."

मग ती बरणी खिडकीत ठेवते.

रोज हेच. तिला कळलंय की मला कळलंय, असं मला वाटतं. पण विचारायची छाती नाही. तू असतीस तर तू विचारलं असतंस.

भोपळा


१ मार्च, शुक्रवार

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांनी दोन ओळी. एका वर्षाला एक असा हिशेब दिसतोय. "तुझ्या मुठीने काही झालं नव्हतं. गप्प राहा आणि आईला काही विचारू नकोस."

आता मला सांग, मला कुणी विचारू नकोस म्हटलं आणि मी विचारलं नाही, असं जन्मात कधी झालंय?

काल सकाळी आई वाटाणे सोलत बसली होती. मीही जाऊन बसलो. पाच-सहा शेंगा सोलल्या, निम्मे दाणे खाल्ले. मग म्हणालो, "आई, शाळेच्या जेवणाला रश्श्यात मीठ मी टाकलं होतं."

तिने मान वर केली नाही. "किती?"

"मूठभर."

"कुणाची मूठ? तुझी?" तिने माझा हात धरून उलटा-सुलटा केला, जसा काही मी लहानच आहे. "एवढ्याशा मुठीने ऐंशी माणसांचं पातेलं खारट होतं होय रे? पत्तासुद्धा लागला नसता कुणाला. दोन वर्षं हे घेऊन बसलायस?"

"मग?"

ती शेंग सोलत राहिली. मी पळून जायच्या बेतात होतो.

"मी दोनदा घातलं," ती म्हणाली.

ताई, तिने जसं सांगितलं तसंच लिहितो, माझ्या पदरचं काही घालत नाही. त्या वर्षी थंडीत तिला ताप आला होता, पंधरा दिवस अंथरुणाला होती, आठवतं? ताप गेला, जाताना चव घेऊन गेला. तिला वाटलं येईल महिन्याभरात. कुणाला बोलली नाही. म्हणाली, "शिंप्याने डोळे गेले म्हणून सांगितलं तर कुणी कापड देईल का त्याला?" मीठ-मसाला सगळं हाताच्या मापाने चाललं होतं. पण ऐंशी माणसांचं माप हाताला नव्हतं. मीठ घातलं, बरणी खिडकीत ठेवली. मग तळहातावर थेंब घेऊन चाखलं.

"काहीच लागलं नाही. म्हटलं, घालायचं राहिलं."

"पण बरणी खिडकीत होती ना?"

"होती. दिसत होती मला. पण जीभ म्हणाली मीठ नाही. वीस वर्षं मी जिभेचं ऐकलं, बरणीचं कशाला ऐकू?"

आणि तिने पुन्हा घातलं. पहिल्याएवढंच.

मी म्हणालो, "मग ताईला का..."

"ती चाखून माझ्याकडे बघत होती," आई म्हणाली. "रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं. ती अशी बघत होती, जसं रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात. तिला कळलं होतं रे. त्या एका क्षणात कळलं. बाहेर ऐंशी माणसं, हेडसर दारात येऊन उभे, आणि ही तोंड उघडेल आणि सांगेल की माझ्या आईला चव कळत नाही. मला एवढंच सुचलं की तिच्या आधी मी बोलावं."

"आणि ती?"

"ती बोललीच नाही."

वाटाण्याची पाटी तिने उगाचच हलवली. मग म्हणाली, "एका शब्दात माझी खानावळ बंद झाली असती. ती तो शब्द गिळून गेली. आणि मी काय काय बोलले."

मी विचारलं, मग कळवलं का नाहीस, साधं एक पत्र. तर म्हणते, "काय लिहू? चुकले म्हणून लिहायचं, तर कशात चुकले ते लिहावं लागतं. ते कागदावर आलं की खरं होतं."

नंतर तिने मला शपथ घातली. ताईला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी घेतली शपथ. आणि लगेच दुसऱ्या दिवशी हे लिहितोय, म्हणजे तुला माझी लायकी कळली. पण तुला आधीच माहीत असलेलं तुला सांगितलं तर शपथ मोडते का? मामाला विचारणार होतो, पण तो झोपलाय.

तू का नाही बोललीस गं? मी तुझ्या जागी असतो तर शाळेच्या भोंग्यावरून सांगितलं असतं. दोन वर्षं तू तिकडे लोकांच्या भांड्यांत पळी फिरवतेस, इकडे आई नानांच्या भुवया बघते, आणि दोघींना सगळं माहीत. मी एकटाच येडा, माझी मूठ उशाशी घेऊन झोपत होतो.

परत ये. ये म्हणायचा मला काय अधिकार, तरी म्हणतो. माझी जीभ चांगली आहे, पण तिला रोज टोमणे मारायला मला आता नवीन म्हशी सुचत नाहीत.

भोपळा


९ मार्च, शनिवार, दुपारी

ताई,

सकाळच्या बसने शिट्टीने तुला डबा आणून दिला असेल. हे पत्र दुपारच्या बसने पाठवतोय, मागोमाग. डबा अजून उघडला नसशील तर थांब, आधी हे वाच. उघडून खाल्लं असशील तर तुला कळलंच असेल, तरी वाच.

झालं असं, की परवा शिट्टी जेवायला आला आणि त्याच्या शिट्टीसारखंच त्याचं तोंडही बंद राहत नाही. आईच्या देखत म्हणाला, "ताई फार वाळलीय हो. दुसऱ्यांना शिजवून घालते, स्वतः चहावर राहते." आईने नुसता त्याला भात जास्त वाढला. पण काल दिवसभर हातातून भांडी पडत होती तिच्या.

आज उजाडताच तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. मला म्हणाली, "आज कुणी आत यायचं नाही. तू तर नाहीच."

मी मागच्या खिडकीशी गेलो. दार लावलं की खिडकी कशासाठी असते?

ती बटाटे करत होती. तुझे, कडेला कुरकुरीत होतात ते. तू गेल्यापासून घरात झाले नाहीत, मी मागितले तरी नाही. एकेक काप हाताने उलटत होती, उलथन्याने नाही, बोटं भाजली तरी. चांगले सोनेरी झाले. मग तिने मिठाची बरणी उघडली. चिमूट घेतली. तव्यावर हात नेला आणि तसाच थांबला. परत बरणीत झटकली. पुन्हा घेतली, पुन्हा झटकली. तीनदा. मग उभी राहिली नुसती, बरणी छातीशी धरून.

मी खिडकीतून ओरडणार होतो. "घाल की, म्हशींना द्यायचंय का?" तोंडापर्यंत आलं होतं. नाही ओरडलो. पहिल्यांदाच असं झालं की मला गंमत सुचली आणि मी केली नाही.

तिने बरणीला झाकण लावलं आणि बटाटे डब्यात भरले.

डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "यात चमचा घातलास तर हात तोडीन."

स्टँडवर पेपरच्या दुकानामागे उभं राहून मी डबा उघडला. चमचा नव्हता म्हणून बोटाने खाल्लं, म्हणजे तसा शब्द पाळला. ताई, त्यात मीठ नव्हतं. एक कण नाही. तुझ्यासाठी जास्त पडेल या भीतीने तिने घातलंच नाही.

माझ्या खिशात मिठाची पुडी होती, हल्ली असतेच. सोडलीसुद्धा. किती घालायचं मला बरोबर कळत होतं. डब्यावर पुडी धरून मी उभा, आणि तिकडे शिट्टी बोंबलतोय, "ए, देतोस की नेऊ बस?" मग मी पुडी बांधली आणि डबा जसा होता तसा दिला. का ते मला नीट सांगता येत नाही. वाटलं, तू खाशील ते तिच्या हातचंच असावं, जसं असेल तसं.

घरी आलो तर ती पायरीवर बसून होती. चूल पेटवली नव्हती अजून, आणि नाना येऊन बाकावर ताटकळत बसलेले. खानावळ सुरू झाल्यापासून असं कधी झालं नसेल.

"दिलास?"

"दिला."

"उपडा नाही ना केलास?"

"नाही."

मग पदराशी चाळा करत राहिली. नानांनी बाकावरून विचारलं, "आज उपवास आहे का हो आमचा?" तिला ऐकूही आलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू खाल्लं असशील. तुझा हात मला माहीत नाही का? खरं सांग. मीठ बरोबर होतं का रे?"

दोन वर्षांत तिने कुणाला असं सरळ विचारलं नव्हतं. मलाही नाही, म्हशींच्या खेळातही नाही. आणि मी, जो जन्मभर कुठल्याही गोष्टीवर टोमणा मारतो, मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "अगदी बरोबर होतं, आई."

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही, माझं मराठी तेवढं नाही. ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि म्हणाली, "मग येईल ती."

आणि आत जाऊन तिने चूल पेटवली.

ताई, मी आजवर दोनशे तरी थापा मारल्या असतील, एकीचंही काही वाटलं नाही. ही एकच पोटात घेऊन बसता येत नाही म्हणून तुला सांगतोय. येशील तर ये. नाही आलीस तर ती म्हणेल मीठ चुकलं असणार, आणि पुन्हा पातेल्यापाशी उभी राहणार नाही, हे मला कळतंय. पण आलीस तरी, नाही आलीस तरी, त्या बटाट्यांत काय नव्हतं ते कुणाला सांगू नकोस. शिट्टीला नको, मामाला नको, नानांना नको. आईला तर कधीच नको, ती तुला सरळ विचारेल, तरी नको. तुझ्या पाया पडतो गं. कुणाला सांगू नकोस.